शमुवेलमामा खाली आहेत

शमुवेलमामा आमच्या लातूरच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं गात आलेत, आणि त्यांना एकाही गीताची चाल येत नाही. थट्टा नाही करून राहिलो. शपथ घेणं आमच्यात बसत नाही, नाहीतर घेतली असती.

भानगड अशी आहे. आमच्याकडे मोठ्या सणाची गीतं चार आवाजांत म्हणतात. सगळ्यात वर सोप्रानो, म्हणजे बायांचा उंच आवाज, आणि चाल त्यांच्या ताब्यात. त्याखाली आल्टो, त्याही बायाच. मग पुरुषांतला उंच तो टेनर. आणि सगळ्यांच्या खाली बास. प्रत्येकाची ओळ वेगळी. ती ज्यानं त्यानं आपापल्या घरी पाठ करायची आणि रविवारी चारही एकमेकींत सोडायच्या. जमलं तर अंगावर काटा येतो. नाही जमलं तर पाळकसाहेब पुढची प्रार्थना लांबवतात.

मामा बास. फक्त बास. आणि बासला चाल नसते, एकाच सुरावर आठ-आठ शब्द उभे केलेले असतात. मामांची जाड वही मी पाहिलेली आहे. इंग्रजी सरगमची पानंच्या पानं, ‘सो सो सो सो, डो’. मध्येच एखादा ‘फा’ आला की त्याला लाल पेनानं गोल केलेला, कारण तेवढीच त्या पानावरची घडामोड.

एकदा एका घरगुती प्रार्थनेला नवीन आलेल्या बाईंनी त्यांना आग्रह केला, “मामा, एखादं गीत म्हणा ना.” मामा उभे राहिले आणि बास म्हणाले. एकटेच. बासमध्ये मध्ये विसावे असतात, तिथं वरचे गातात आणि आपण गप्प बसायचं. मामा विसाव्याला थांबले आणि तळहात वर केला. लोकांना वाटलं संपलं, सगळे ‘आमेन’ म्हणाले. मामांनी हात तसाच ठेवला, मनात चार ठोके मोजले आणि पुढचं कडवं सुरू केलं. असं सहा वेळा झालं. शेवटी खरंच संपलं तेव्हा ‘आमेन’ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

माझ्या पोरीच्या पाचव्या वाढदिवसाला तर त्यांनी वाढदिवसाच्या गाण्याचाच बास लावला. पोरगी केक सोडून आईच्या मागं लपली. मी म्हटलं, “मामा, लेकरांच्या गाण्यात तरी चालीवर म्हणा.” तर त्यांचं नेहमीचं उत्तर आलं.

“तुमी वर काय बी करा. मी खाली हाय.”

हे वाक्य म्हणजे मामांचा शिक्का. लग्नात, पंगतीत, मंडळीच्या वार्षिक सभेत वाद पेटला की मामा हळूच म्हणणार, तुमी वर काय बी करा, मी खाली हाय. आणि खरंच खाली बसून घेणार.

नोकरी एसटीत. जन्मभर लातूर-नांदेड गाडी चालवली. गाडी दुसऱ्या गेरात चढाला लागली की जो आवाज निघतो तोच आपला ‘डो’, असा त्यांचा हिशेब होता आणि त्या आवाजात आवाज मिळवून ते सराव करायचे. एका नव्या कंडक्टरनं गाडीत घरघर आहे म्हणून तक्रार लिहून दिली होती. मेकॅनिकनं गाडी खोलली, काही निघालं नाही. घरघर तेव्हा कँटीनमध्ये चहा पिऊन राहिली होती.

नांदेडला गाडी दीड तास थांबायची. तेवढ्यात मामा त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, जेवून यायचे. ह्या अक्का लग्नाआधी आमच्या चर्चच्या सोप्रानोतल्या पहिल्या नंबरच्या. धाकट्या भावाचा आवाज फुटला तेव्हा सगळे त्याला हसले, आणि अक्कांनी त्याला पाटावर बसवून बास शिकवला. “तू खाली ऱ्हा. वरचं मी बघते,” असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. तेव्हापासून नांदेडला जेवण झालं की एक गीत व्हायचं, वर अक्का, खाली मामा कानात बोट घालून, आणि मग मामा हात धुऊन स्टेअरिंगवर.

मला बासात ओढलं ते मामांनीच. मी पंचायत समितीत कारकून, आवाज जाड, एवढीच माझी लायकी. शिकवण्याची पद्धत अशी, की मामा शेजारी बसून माझ्याच गुडघ्यावर ठोका द्यायचे. जरा आधी सुटलो की गुडघ्यावर जोरात. डावा गुडघा माझा कायमचा कामातून गेलेला आहे आणि डॉक्टरला मी कारण सांगू शकत नाही. माझा भात बंद केला. “भातानं आवाज वर जातो. ते टेनरवाले बघ, समदे भातखाऊ.” आणि गाताना डाव्या कानात बोट घालायला शिकवलं, कारण डावीकडे सोप्रानो बसतात. “चाल कानात गेली की मानूस तिच्या मागं जातो. आपुन जायचं न्हाई.”

आता अशा माणसाचा ठोका चुकेल असं कोणाला वाटेल?

पण संक्रांतीनंतर तो चुकायला लागला. मामा अर्धा ठोका आधी सुटायला लागले. दर ओळीला. गायकमंडळ चालवतात त्या रूथ टीचर, शाळेत गणित शिकवतात, त्यांच्या नजरेतून सुटेल काय. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मामांच्या मागे आधी सुटत होतो, वीस वर्षांची सवय. टीचरनी प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी वाजवून मोबाइलवर पाठवली. आमच्या बास ग्रुपात दोनच मेंबर, मामा आणि मी. मामांनी ऐकलं, अंगठा पाठवला आणि रविवारी पुन्हा आधी सुटले. टीचरनी ठोके देणारं यंत्र समोर ठेवलं. मामा त्याच्याकडे बघून म्हणाले, “ठोका बरोबर हाय की.” आणि आधी सुटले.

कोणी म्हणालं कानाची मशीन लागते. कोणी म्हणालं वय झालं, आता असंच.

ईस्टरच्या गीतात तिसऱ्या कडव्याला बास एकटाच उठतो. वरचे तिघं गप्प, आणि खालून फक्त आपण. मामा पन्नास वर्षं त्या एका ओळीवर जगत आलेत. त्यासाठी वर्षभराचे ‘सो सो सो’ सोसायचे. तिथं चुकलं तर सगळं गीत कोसळणार. सराव संपल्यावर टीचरनी मला बाजूला घेतलं.

“दादा, तुम्हीच सांगा त्यांना. ह्या ईस्टरला नुसतं समोर बसू द्या. मला धीर नाही होत.”

म्हणजे मला होतो. पण गेलो. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता.

दारात मामी उभ्या. तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, “बसा. नांदेडला लागलाय.”

आत मामा खुर्चीत ताठ, डाव्या कानात बोट, समोर स्टुलावर तांब्याला टेकवलेला मोबाइल. त्यात अक्का. अंथरुणावर, उशांना टेकलेल्या, केस पार विरळ. फोन बहुतेक सुनेनं धरलेला, कारण कडेला बांगड्या दिसत होत्या. अक्का गात होत्या. आवाज कातरलेला, पण सूर जागच्या जागी. आणि मामा बास म्हणत होते, तो असा की ऐकवेना. अक्का एका शब्दावर, मामा पुढच्या. एक ठोका पुढे पळत होते. मनात म्हटलं, टीचर बरोबर बोलल्या, मामा संपले.

गीत संपलं. जरा वेळानं फोनमधून आवाज आला, “समू, लई बरोबर आलास रे आज.”

मी मामींकडे पाहिलं. मामींनी चहा ठेवला.

फोन बंद करून मामा माझ्याकडे वळले. “रूथनं धाडलं ना?”

मी मामींच्या हातून चहा घेतला.

“दिवाळीत पडली ती. तवापासून अंथरुणातच हाय. सुनेला बी ओळखत न्हाई कदीमदी. पन गीतं समदी पाठ. पयल्या बुधवारी मी ठोक्यावर म्हनलं. फोनातून तिकडं जायाला उशीर लागतो. ती दोन शब्द म्हनली आन थांबली. समू कुठं गेला म्हनली. मी हितं वरडून राहिलो, हाय गं, हाय. ती रडाय लागली. सून म्हनली, मामा, तुमचा आवाज इकडं मागून येऊन राहिला.”

मामांनी चहाचा घोट घेतला.

“मंग इचार केला. नांदेडला दहाला पोचायचं, तर लातूरहून दहाला निघून भागतं का? आधी सुटावं लागतं. हितं बेताल लागतं, लागू दे. तिकडं बरोबर पोचतं.”

ज्या माणसानं अर्ध्या ठोक्यापायी माझा गुडघा घालवला, तो दर बुधवारी आपल्याच कानाला बेताल गात होता, जाणूनबुजून, बहिणीच्या कानात नीट बसावं म्हणून. मला लाज वाटली. चहा तसाच हातात राहिला.

“पन डोक्यात दोन टाइमटेबल बसंनात,” मामा म्हणाले. “बुधवारचं रविवारी येऊन राहिलं. मला कळतं की. रूथला सांग, मी बसतो. तिसऱ्या कडव्याचं तू म्हन.”

“मामा, पन्नास वर्षं झाली. बुधवारचं जरा...”

“रविवारी तुमी चाळीस जन हाव. तिच्याकडं खाली मी एकटाच हाय.”

ईस्टरला मामा मामींशेजारी चौथ्या बाकावर बसले, हात मांडीवर, दोन्ही कान मोकळे. तिसरं कडवं आलं. मी एकटा उठलो आणि ठोक्यावर उठलो. डाव्या गुडघ्यात कळ आली, तीही ठोक्यावर. मामांकडे पाहायचं धाडस झालं नाही. पुढे सोप्रानो वर गेल्या तेव्हा पाहिलं. मामा तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होते, गावातला माणूस पहिल्यांदा लिफ्ट बघतो तसे.

बाहेर मी हातात हात दिला. वाटलं, आता माझी चूक काढतील. ते म्हणाले, “असं हाय व्हय ते गीत.”

आता बुधवारी मीही जातो. बोलायचं नाही ह्या अटीवर मामी आत घेतात. ईस्टरनंतरच्या बुधवारी फोन लागल्या लागल्या मामा म्हणाले, “अक्का, परवा मी चाल ऐकली. तुझी चाल लई गोड हाय गं. मला ठावंच नव्हतं.”

बोलणं नांदेडला पोचायला वेळ लागतो, आणि उत्तर यायला आणखी. मामा तांब्याकडे बघत थांबले. मग अक्का हसल्या.

“पन्नास वर्सं झाली. कुठं होतास रं मंग?”

“खाली होतो की,” मामा म्हणाले. डोळे पुसले, वही उघडली आणि अक्कांनी श्वास घ्यायच्या आधीच सुटले.