हत्तीचे मागचे पाय

‘कलाप्रकार’ या रकान्यापाशी छायाचं बोट मोबाइलवर अडलं.

“आबा, इथं काय लिहू?”

“हत्ती लिही.”

“हत्ती कला नाय आबा, जनावर हाय.”

“मग हत्तीचे पाय लिही. मागचे.”

ओटीवर तांदूळ पाखडत बसलेल्या सुंदराबाईंचं सूप थांबलं. “चाळीस वर्सं सांगत आले, जरा पुढं व्हा, पुढं व्हा. आता भोगा!”

सासरा-सुनेचं हे बोलणं ऐकून परगावचा माणूस वैद्याला बोलवायला धावला असता. पण हे घर होतं खालापूर तालुक्यातल्या करंजवाडीत, आणि करंजवाडीत हत्ती म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चैत्री पौर्णिमेला मारुतीची जत्रा भरते, दिवस कलायला लागला की सोंगं निघतात आणि सगळ्यांत शेवटी येतो हत्ती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर करडं कापड, सुपाचे कान आणि आत दोन माणसं. पुढच्या पायांत सखा, मागच्या पायांत आबाजी. सख्याला हत्तीच्या गळ्याशी एक खिडकी होती. तिच्यातून तो जत्रा बघायचा आणि जत्रा त्याला बघायची. आबाजींना मात्र चाळीस वर्षं एकच देखावा होता, तो म्हणजे सख्याची पाठ. तीही खालच्या अंगाची.

हा हत्ती पोटापाशी नाड्यांनी जोडलेला असे. त्याचं असं झालं की, दोघांच्या आजोबांच्या वेळी हत्ती कुणाचा यावरून डोकी फुटली होती. तेव्हा पंचांनी निवाडा दिला की सोंडेकडचा हत्ती एका घरी आणि शेपटाकडचा दुसऱ्या घरी ठेवावा, म्हणजे कुणी एकट्यानं मिरवायला नको. तेव्हापासून सोंड सख्याच्या माळ्यावर आणि शेपूट आबाजींच्या. सुंदराबाई वर्षभर त्या शेपटानं कोळिष्टकं काढायच्या.

एवढी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. पण गेल्या साली सरकारनं कलावंतांची यादी करायला घेतली आणि सख्यानं गुपचूप अर्ज ठोकून दिला. नोंद तात्पुरती झाली, पण ओळखपत्र आलं. सखा ते गळ्यात अडकवून हिंडू लागला. लावणीच्या चिखलातसुद्धा ते त्याच्या छातीवर डुलत होतं. तेवढंही चाललं असतं. पण एक दिवस शिळफाट्याच्या चहाच्या टपरीवर तो चारचौघांत बोलून गेला, “हत्ती म्हंजे मीच की. मागं काय, पेंढ्याचं पोतं बांधलं तरी चालतं!”

सख्याचा चहा निवायच्या आत हे वाक्य करंजवाडीत पोचलं. त्या दिवसापासून आबाजींना भाकरी गोड लागेना.

“मला मानधन नको का पान नको,” ते छायाला म्हणाले. “मी पोतं नाय, येवढं मला सरकारकडून लिहून पायजे.”

अर्जाला फोटो हवा होता आणि त्याखाली अट होती : ‘कला सादर करतानाचा, चेहरा स्पष्ट दिसणारा.’ ट्रंक उघडली. चाळीस वर्षांचे फोटो निघाले. प्रत्येक फोटोत सखा खिडकीतून नवरदेवासारखा हसत होता आणि आबाजींच्या फक्त पोटऱ्या होत्या. ज्या साली कापड ऐन वेळी उसवलं होतं, त्या सालच्या फोटोत ते थोडे जास्त दिसत होते.

“ह्यो लावा,” सुंदराबाई म्हणाल्या.

“सुंदरे, तोंड पायजे, तोंड!”

“वळखू तर येताय की!”

मग छायानं अंगणात नवा फोटो काढला. आबाजींनी मागचे पाय चढवले, कमरेवरचं अंग उघडं ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे करारी नजरेनं पाहिलं. चार दिवसांत अर्ज परत आला. शेरा होता, ‘फोटोत ढगळ विजार घातलेले गृहस्थ दिसतात. कला दिसत नाही.’ आता आली का पंचाईत! चेहरा दिसला की हत्ती दिसेना, हत्ती दिसला की चेहरा दिसेना.

शेवटी सरपंच सुनंदाताईंनी दाखला दिला, ‘सदर गृहस्थ गेली चाळीस वर्षे हत्तीच्या मागील भागात कार्यरत असून तेथील त्यांची वर्तणूक चांगली आहे.’ या दाखल्यानं काय जादू केली कोण जाणे, पण आठवड्यात निरोप आला : खालापूरला या आणि समितीपुढे कला करून दाखवा.

आबाजी तडक सख्याकडे गेले. सख्यालाही त्याच दिवसाचं बोलावणं होतं. त्याची तात्पुरती नोंद कायम व्हायची होती.

“बरं झालं,” आबाजी म्हणाले, “दोघं जाऊ, हत्ती जोडू, दाखवू आणि येऊ.”

सखा नखं बघायला लागला. “तसं नाय जमणार, आबा.”

“का रं?”

“मी अर्जात एकपात्री लिवलंय.”

“एकपात्री? चार पायांचं एकपात्री?”

“लिवलं गेलं खरं. आता तू मागून निघालास तर माझं कारड जातंय.”

“आणि नाय निघालो तर मी पोतं ठरतोय, त्याचं काय?”

झालं! आजोबांचं भांडण नातवांनी पुढं चालू केलं. ठरल्या दिवशी करंजवाडीचा हत्ती दोन वाहनांतून खालापूरला निघाला. पुढचा भाग एसटीनं. खिडकीतून बाहेर लोंबणारी सोंड बघून कंडक्टर तिकिटाचं यंत्र हातात धरून बराच वेळ विचार करत राहिला आणि शेवटी त्यानं अर्ध्या हत्तीचं अर्धं तिकीट फाडलं. मागचा भाग गावातल्या दत्ताच्या टेंपोतून, रोपवाटिकेच्या कुंड्यांमध्ये. त्याच्या पुढं सुंदराबाई दोन सुपं आणि वॉशिंग मशीनचा पाइप घेऊन बसल्या होत्या. बेत असा होता की ऐन वेळी त्यांनी सुपांचे कान आणि पाइपाची सोंड करून नवऱ्यापुढं उभं राहायचं.

“मला लाज वाटते हो,” त्या म्हणाल्या.

“तू लगीन झाल्यापासून माझ्या पुढंच चालतेस. आज काय नवीन हाय?”

सभागृहात टेबलामागं समितीच्या हर्षला मॅडम बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी नोंदी घेणारा, फोटो काढणारा नीलेश. ढोल वाजवायला गावचा भिवाजी आला होता. तो सख्याचाही नव्हता आणि आबाजींचाही नव्हता, ढोलाचा होता. पहिला पुकारा सख्याचा झाला. आबाजी व्हरांड्यात मागचे पाय चढवून, कापड डोक्यावरून ओढून, तयार होऊन बाकावर बसून राहिले.

सखा आत शिरला. पुढं सोंड, कान, सगळं झोकात. मागं मात्र त्यानं खरोखरच पेंढ्याचं पोतं बांधलं होतं, आणि ते जमिनीवरून फरफटत येत होतं.

मॅडमनी चष्मा सावरला. “मागचे पाय कुठायत?”

“हत्ती बसलाय मॅडम.”

“पुढून उभा आणि मागून बसलेला?”

“आत्ताच उठायला लागलाय.”

“बरं. उठू दे मग.”

सख्यानं जोर लावला. पोतं हललं नाही. त्यानं आणखी जोर लावला, तसं पोतं टेबलाच्या पायात अडकलं, फाटलं आणि सगळा पेंढा नीलेशच्या फायलींवर उधळला.

“हत्तीला काय होतंय?” नीलेशनं विचारलं. त्याला हे नोंदवहीत लिहायचं होतं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. अशा वेळी माणूस जे चाळीस वर्षं करत आला तेच करतो. सख्यानं टाच दोनदा आपटली.

एकदा आपटली तर थांब, दोनदा आपटली तर ऊठ, ही त्यांची जुनी खूण. व्हरांड्यातल्या बाकावर आबाजींचे पाय ताडकन उभे राहिले. पायांनी आबाजींना विचारलंच नाही. चाळीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

“अवं, कुठं निघाला? आपला पुकारा नाय अजून!” सुंदराबाई ओरडल्या. पण पाय निघाले होते. आत मॅडम आणि नीलेश खाली मान घालून फायलींवरचा पेंढा झटकत होते. आबाजींच्या डोळ्यांपुढं अंधार, तरी पाय टाचेच्या आवाजाचा माग काढत बरोबर सभागृहात शिरले, पोत्याला एक लाथ मारली, सख्याची कंबर धरली, आणि हत्ती उठला!

भिवाजीच्या ढोलाला चेव चढला. हत्ती झुलला, गिरकी घेऊन टेबलाभोवती फिरला, शेपटानं नीलेशच्या अंगावरचा पेंढा झाडून गुडघे टेकून त्यानं मॅडमना मुजरा घातला. नीलेशनं शिट्टी मारली आणि मग आपण नोकरीवर आहोत हे आठवून तोंडावर हात ठेवला.

“वा!” मॅडम उभ्या राहिल्या. “एकटा माणूस आणि चार पाय! मागचे दोन तर काय जिवंत वाटतात हो! नीलेश, यांची नोंद कायम करा.”

खिडकीतून सखा नवरदेवासारखा हसला. मागच्या अंधारात मात्र आबाजींना घाम फुटला. आपल्याच पायांनी आपण सख्याला पास करून बसलो! आणि फोटो? फोटोत पुन्हा पोटऱ्याच!

पण दाराशी सुंदराबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला. हातातल्या सुपाचा एक फटका सोंडेवर ठेवून दिला, वळसा घालून मागं आल्या आणि शेपटाखालच्या शिवणीत बोटं घातली. ती शिवण दर साली त्याच घालत होत्या. कुठल्या टाक्याला ओढलं की कुठवर उसवतं हे त्यांना पाठ होतं. टर्रर्र!

हत्तीच्या शेपटाखालून आबाजींचं डोकं बाहेर आलं. घामानं निथळलेलं, केसांत पेंढा, डोळे मिचकावत.

“ह्यो बघा एकपात्रीचं पोतं!” सुंदराबाई कडाडल्या. “चाळीस वर्सं आत हाय!”

ढोल थांबला. त्या शांततेत फक्त नीलेशच्या कॅमेऱ्याचा ‘खट्’ आवाज झाला. नियमच होता ना : कला दिसावी, चेहराही दिसावा. दोन्ही एकाच फोटोत त्याला पहिल्यांदाच सापडलं होतं.

मॅडम खाली वाकल्या. “आजोबा, तिथून तुम्हाला दिसतं काय?”

“आजपत्तुर काय नाय.”

“मग चालता कसे?”

“तो टाच आपटतो, मी चालतो.”

“आणि त्यानं चुकीची आपटली तर?”

“तरी मी बरोबर चालतो. हत्ती पडता कामा नये.”

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. “मग या हत्तीत अवघड काम कुणाचं?”

पुढच्या खिडकीतून सख्याचा पडेल आवाज आला, “मागल्याचं, मॅडम. आत्ताच पोतं बांधून बघितलं मी.”

पंधरा दिवसांनी दोन पाकिटं आली. आबाजींच्या ओळखपत्रावर लिहिलं होतं, ‘हत्ती, मुख्य कलावंत.’ सख्याचं एकपात्री खोडून तिथं घातलं होतं, ‘सहायक, पुढील बाजू.’ आबाजींचा फोटो तर काय झकास आला होता. डोक्यावर शेपटाचा गोंडा असा काही रुळत होता की लांबून फेट्याचा तुरा वाटावा. ते ओळखपत्र गळ्यात घालून आबाजी शिळफाट्याला गेले, त्याच टपरीवर बसले आणि त्यांनी दोन चहा सांगितले. दुसरा सख्यासाठी. पोत्याचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त ओळखपत्र तेवढं दोनदा पुसलं.

सुंदराबाईंनी शेपटाखालची उसवण पुन्हा शिवलीच नाही. तिला चांगला काठ घालून, जाळी लावून त्यांनी खिडकी केली.

चैत्री पौर्णिमेला जत्रा भरली. सोंगं निघाली, भिवाजीनं ढोलावर हात टाकला, आणि सगळी करंजवाडी हातात मोबाइल धरून कलावंताचा फोटो काढायला उभी राहिली. त्या साली मारुतीच्या देवळापुढं हत्ती पहिल्यांदाच उलटा आला. पुढं शेपूट, त्याखाली हसरे आबाजी आणि मागून अडखळत सोंड.

“आबा, हळू रं!” मागून सखा कळवळला. “मी मागं मागं चालतोय, मला पुढलं काय सुद्धा दिसत नाय!”

“दिसायचं काय काम हाय?” आबाजींनी सुनेच्या मोबाइलकडे बघत मान जराशी तिरकी केली आणि टाच दोनदा आपटली. “ऊठ म्हटलं की उठायचं, सहायक!”