पैलवानाचे डोळे उघडे होते

"उद्या त्या ज्वालामुखीवर मी बसणार. पहिल्या डब्यात, पहिल्या रांगेत, डोळे सताड उघडे ठेवून आणि हसत."

पैलवानानं ही घोषणा केली तेव्हा तो रिसॉर्टच्या तलावातल्या बारसमोर, कमरेएवढ्या पाण्यात, ओल्या दगडी स्टुलावर बसला होता. दातांच्या डॉक्टरांची वार्षिक परिषद दुपारीच संपली होती. पण गळ्यातलं ओळखपत्र काढायचं काही त्याला सुचलं नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव, पदव्या आणि हसरा फोटो असं सगळं मिळून त्याच्यापुढे पाण्यावर तरंगत होतं.

पैलवान हे अर्थात कॉलेजातलं नाव. त्या काळी तो इतका हडकुळा होता की पंखा मोठा केला तर मुलं त्याला बाकाला धरून बसायला सांगायची. आता पोट चांगलं सुटलं होतं, दवाखाना जोरात होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या एका बाजूला बोका बसला होता आणि दुसऱ्या बाजूला मास्तर. दोघंही कॉलेजपासूनचे मित्र, दोघंही डेंटिस्ट. मास्तर डेंटल कॉलेजात शिकवायचा. बोक्याला बोका का म्हणतात ते आता बोक्यालाही आठवत नव्हतं.

ज्वालामुखी म्हणजे रिसॉर्टला लागून असलेल्या थीम पार्कमधला सगळ्यात उंच झुला. चढावर नेऊन गाडी सरळ खाली सोडून द्यायचे. बारमध्ये बसलं तरी तिकडच्या किंकाळ्या ऐकू येत. प्रत्येक किंकाळीसरशी पैलवान आपला ग्लास थोडा घट्ट धरायचा.

"तू?" बोका म्हणाला. "तुझ्या दवाखान्यातली खुर्ची वर करताना तू नजर दुसरीकडे वळवतोस."

"म्हणूनच तर. ठरलं म्हणजे ठरलं."

यामागची गोष्ट अशी. कॉलेजच्या सहलीत आकाशपाळणा वर जाऊन अडकला होता, आणि पैलवानानं शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंना मिठी मारून "आई, मला खाली घे" असा टाहो फोडला होता. पुढच्याच वर्षी त्या बाई त्यांना शिकवायला आल्या, ते वेगळंच. ही झाली खरी गोष्ट. घरी लेकीला सांगताना मात्र पैलवानानं त्यात किरकोळ फेरफार केला होता. टाहो फोडणारा बोका, आणि "घाबरू नकोस, मी आहे" म्हणणारा पैलवान. लेक लहानपणापासून बोक्याला विचारत आली होती, "बोकाकाका, तुम्हाला अजून पाळण्याची भीती वाटते?" आणि बोकाकाका गिळून गप्प बसत आले होते.

पण यंदा मामला वेगळा होता. लेक स्वतः डेंटिस्ट होऊन पहिल्यांदाच परिषदेला आली होती. घरी परतल्यावर ती वडिलांच्या दवाखान्यात बसणार होती.

"आता ती आपल्यातली झाली," बोका म्हणाला होता. "सगळ्या हॉलसमोर तिनं मला पाळण्याचं विचारलं रे. बास झालं. उद्या संध्याकाळी याच बारमध्ये मी तिला खरं काय ते सांगणार."

पैलवानाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. लेकीच्या नजरेत आपण कोण आहोत यावर त्या माणसाचं अख्खं आयुष्य उभं होतं. शेवटी मास्तरनं तोड काढली. पैलवानानं ज्वालामुखीवर बसायचं. उतारावर कॅमेरा असतो, तो आपोआप फोटो काढतो. त्या फोटोत पैलवान डोळे उघडे ठेवून हसताना दिसला, तर बोक्यानं ही गोष्ट जन्मात पुन्हा काढायची नाही. दिसला नाही, तर बोका मोकळा.

"कबूल," बोका म्हणाला. तो मनापासून हसला, कारण त्याला निकाल माहीत होता.

पण बोक्याला एक गोष्ट माहीत नव्हती. परिषदेतल्या स्टॉलवर पैलवानाला एक रिट्रॅक्टर फुकट मिळाला होता. दातांचे फोटो काढताना पेशंटचे ओठ दोन्हीकडे ताणून धरणारी ही पारदर्शक प्लास्टिकची चौकट. ती तोंडात बसवली की माणूस रडत असो वा कण्हत, सगळे दात बाहेर येतात. डोळे आपण उघडे ठेवू, पैलवानानं विचार केला. तेवढी हिंमत आहे. हसण्याचं मात्र प्लास्टिकवर सोपवू.

दुसऱ्या दिवशी लेक तिच्या मैत्रिणींबरोबर पाण्याच्या घसरगुंड्यांकडे गेल्याची खात्री करून तिघं ज्वालामुखीपाशी पोचले. मास्तरला रक्तदाब होता, म्हणून तो फोटोच्या काउंटरपाशी पंच म्हणून उभा राहिला. बोका साक्षीदार म्हणून शेजारच्या खुर्चीत बसला. गणवेशातला माणूस लोखंडी दांडा त्यांच्या मांड्यांवर दाबत म्हणाला, "काही होत नाही, काका. सुरू होईपर्यंतच भीती वाटते."

पैलवान चपापला. हे वाक्य त्याचं होतं. दिवसभर तो हेच बोलायचा, फक्त हातात इंजेक्शन असायचं.

गाडी चढाला लागली तशी त्यानं मुठीतला रिट्रॅक्टर गुपचूप तोंडात बसवला. वर पोचल्यावर गाडी क्षणभर थांबली. रिसॉर्टचा तलाव खाली साबणाच्या वडीएवढा दिसत होता. मग सगळं सुटलं.

पैलवान ओरडला. म्हणजे ओरडायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण पोटातून जे निघालं ते त्याला विचारून निघालं नाही. ओठ आधीच ताणलेले, त्यात तोंड उघडलं ते उघडत गेलं, उघडत गेलं, आणि दोन्ही कानांपुढे कट्ट झालं. जबडा निखळला. पेशंटचा निखळलेला जबडा त्यानं पूर्वी बसवला होता. त्यामुळे काय झालंय ते त्याला उतार संपायच्या आत कळलं, पण त्या ज्ञानाचा काडीचा उपयोग नव्हता. त्याच उतारावर बोक्यानंही घाबरून हात झाडला होता आणि त्याचा अख्खा दंड पैलवानाच्या तोंडासमोर आला होता. नेमका तेव्हाच कॅमेरा चमकला.

गाडी थांबली. बोका कसाबसा उतरला आणि कठड्याला लटकला. पैलवान मात्र खुर्चीला घट्ट धरून बसला होता. तो जागचा हलला नाही. गणवेशातल्या माणसानं वाकून पाहिलं. आ वासलेला, बत्तीशी दाखवणारा, डोळ्यांत पाणी तरळलेला एक गृहस्थ.

"फार आवडलेलं दिसतंय," तो कौतुकानं म्हणाला.

"आ," पैलवान म्हणाला.

"जा मग. परत एक फेरी घ्या. आज गर्दी नाहीये."

"आ! आ!"

"आभार कसले त्यात, काका."

आणि दांडा पुन्हा मांड्यांवर आला. गाडी चढाला लागली. आता शेजारी बोकासुद्धा नव्हता.

इथे पैलवानाला मानलं पाहिजे. दुसरा कोणी असता तर डोळे मिटून देवाचं नाव घेतलं असतं. पैलवानाच्या डोक्यात मात्र, त्या अवस्थेतही, एक गोष्ट लख्ख आली. मघाचा फोटो बोक्याच्या दंडानं खाल्ला. म्हणजे अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. जायचंच आहे तर फुकट कशाला जायचं? त्यानं मान वळवली, कॅमेऱ्याचा खांब हेरला आणि गाडी कोसळताना डोळे असे वटारले की पापण्या कुठे गेल्या ते कळेना. कॅमेरा चमकला. पैलवान जिंकला.

त्यानंतर त्याला उचलून प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं.

तिथल्या नर्सबाईंनी त्याच्या तोंडात टॉर्च मारला आणि त्यांचा चेहराच उतरला. "अहो, यांच्या तोंडात झुल्याचा पार्ट अडकलाय."

"आ आ," पैलवान म्हणाला.

"बोलू नका. पार्ट आत जाईल."

त्यांनी फोन केला. ज्वालामुखी बंद केला गेला. रांगेतली चारदोन माणसं कुरकुरत बाहेर पडली. एक मेकॅनिक हात पुसत आला, त्यानं पैलवानाच्या तोंडात बराच वेळ निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"हा आमचा पार्ट नाही. आमचं सगळं लोखंडी असतं."

मग नर्सबाईंना सुचायला नको ते सुचलं. पार्कभर लावलेल्या कर्ण्यांवरून आवाज घुमला, "पार्कमध्ये कोणी दातांचे डॉक्टर असल्यास कृपया प्रथमोपचार कक्षात यावं."

परिषद संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. अख्ख्या पार्कात दातांच्या डॉक्टरांशिवाय जवळपास कोणी नसताना.

आधी एक आला, मग तिघं आले, मग दार लागेना. कोणी ओल्या चड्डीत, कोणी हातात आइस्क्रीम घेऊन, एकजण तर रबरी मगर काखेत मारून. आणि प्रत्येकजण आत आला की सवयीनं आधी एकच म्हणायचा, "तोंड उघडा."

"उघडंच आहे," नर्सबाई सांगून सांगून थकल्या.

"मी म्हणतो, आधी एक्स-रे काढू," मगरवाले म्हणाले.

"एक्स-रे कशाला? मी बसवतो ना."

"तुम्ही? तुमचा काल स्टेजवर माइक बसत नव्हता."

वाद रंगला. पैलवान मधोमध खाटेवर आ वासून बसला होता आणि लाळ हनुवटीवरून गळ्यातल्या ओळखपत्रावर ठिबकत होती. मास्तर दुसऱ्या फेरीचा फोटो घेऊन आला. बोका त्याच्यामागून आला. त्याच क्षणी गर्दीतून वाट काढत, केसांतून पाणी गाळत, लेक आत आली.

"बाजूला व्हा. माझे बाबा आहेत."

तिनं आधी दोन बोटांनी रिट्रॅक्टर अलगद काढला. तो उलटसुलट करून पाहिला. मास्तरच्या हातातला फोटो पाहिला. कठड्याचे वळ उमटलेला बोकाकाकांचा दंड पाहिला. पोरगी हुशार होती. मास्तरकडे तिनं नुसतं रोखून बघितलं आणि मास्तर घडाघडा सगळं बोलून गेला. पैजेची गोष्ट, मग ओघात पाळण्याचीही.

बोका ओरडला, "मी नाही हं सांगितलं! मास्तर बोलला!"

लेक बापाजवळ वाकली. "बाबा, पाळण्यावर रडणारा तू होतास, हे मला शाळेपासून माहितीये. बागेतल्या घसरगुंडीवरून मला उतरवायला तू आईला हाक मारायचास. काकांना मी चिडवायचे ते तुला बरं वाटायचं म्हणून. काही म्हणायचंय?"

"आ," पैलवान म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लाज होती, आणि एवढी वर्षं पोटात धरून ठेवलेलं ओझं उतरल्याचा आनंदही होता.

तिनं अंगठ्यांना जाड पट्टी गुंडाळली आणि ते त्याच्या खालच्या दाढांवर टेकवले. "सैल सोड. काही होत नाही. थोडं दाबल्यासारखं वाटेल."

हे वाक्यही त्याचंच होतं, आणि ते धादांत खोटं आहे हे त्याला त्या क्षणी समजलं. कट्ट. जबडा जागेवर गेला. खोलीत टाळ्या पडल्या.

"दोन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही," लेक म्हणाली. मग ती गर्दीकडे वळली. "आणि हे आता माझे पेशंट आहेत. पहिले पेशंट. इथलं काहीही या खोलीबाहेर जाणार नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

ओल्या चड्डीतल्या भल्याभल्यांनी माना खाली घातल्या. संध्याकाळी तलावातल्या बारमध्ये पैलवान नळीनं सरबत ओढत होता, आणि बोका दिल्या शब्दाला जागून हवापाण्याबद्दल बोलत होता. लेकीनं बोकाकाकांची माफी मागितली, तेव्हा तो नुसता "असू दे गं" म्हणाला आणि तिच्या डोक्यावर थापटी मारली.

गोष्ट इथेच मिटली असती. पण पुढच्या परिषदेत लेकीला तरुण डॉक्टरांच्या सत्रात बोलायला मिळालं, आणि विषय होता 'करमणुकीच्या झुल्यांवर निखळणारे जबडे'. "तुझा फोटो वापरू?" तिनं विचारलं. "नाव नसेल. कोणाला कळणार नाही." पैलवान हो म्हणाला. लेकीला तो कशालाच नाही म्हणत नसे. मनातून त्याला हेही हवं होतं की तो फोटो एकदा मोठ्या पडद्यावर झळकावा.

हॉल खचाखच भरला होता. दिवे मंद झाले. पडद्यावर ज्वालामुखीचा उतार आला, आणि त्यात भिंतीएवढा पैलवान. आ वासलेलं तोंड, चमकणारी बत्तीशी. आणि डोळ्यांवर, पेशंट ओळखू येऊ नये म्हणून वैद्यकीय फोटोंवर मारतात ती, जाडजूड काळी पट्टी.

हॉलमध्ये खसखस पिकली. पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "बिचाऱ्यानं डोळे गच्च मिटले असणार."

पैलवानानं खुर्चीचा हात घट्ट धरला. सोडून दे, त्यानं स्वतःला बजावलं. ज्यांना माहीत आहे ते बोलणार नाहीत. बाकी कोणाला कळणार नाही. शेजारी बसलेल्या बोक्यानं त्याचा सदरा पकडला. पण हा माणूस जबडा निखळलेला असताना पापणी न लववता कड्यावरून खाली आला होता. तो उठून उभा राहिला.

"त्या पेशंटचे डोळे," तो भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात म्हणाला, "पूर्ण उघडे होते."

सगळा हॉल मागे वळला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. मंचावर लेकीनं कपाळाला हात लावला.

पैलवान सावकाश खाली बसला. अंधारात बोका त्याच्या कानाशी आला आणि मोठ्या समाधानानं म्हणाला, "हे बघ, मी एक शब्द बोललो नाही."