हवालदार तात्यांची रेघ

हवालदार तात्या कॉम्प्युटरला सॅल्यूट ठोकायचे. तोही डाव्या हाताने, कारण उजवा हात लकव्याने लुळा पडला होता. चपला दाराबाहेर काढून (तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत सगळेच काढायचे) ताठ उभे राहायचे आणि म्हणायचे, "रिपोर्ट घ्या, बाई."

बाई म्हणजे मी. कराडच्या एका दवाखान्यात रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायचे. नव्वदच्या दशकात 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे, म्हणून मी आपली 'मालीशवाली बाई'! डॉक्टरांनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटर आणला होता. बरं होऊन काय करायचं ते रोग्याने ठरवायचं, दर आठवड्याला किती जमलं ते मी भरायचं, की पडद्यावर एक रेघ वर चढायची.

पहिल्या दिवशी विचारलं, "तात्या, काय जमायला हवं? चालणं? जिना चढणं?"

"पटका."

"काय?"

"पोरीचं लगीन हाय. बापाचा पटका बापानं बांधायचा. दुसऱ्याच्या हातनं बांधून मांडवात म्या न्हाई जायचा."

"अहो, कॉम्प्युटरमध्ये पटका नाही."

"मग शिकवा की त्याला. त्यो कुठं म्हातारा झालाय?"

शिकवला बाई! काय करणार?

बाकीचे रोगी मला बिनधास्त थापा मारत. व्यायाम केला का? केला की! तात्यांचं तसं नाही. रहिमतपूरहून पॅसेंजरने यायचे आणि बायकोसमोर सांगायचे, "वरचं बटन हिनं लावलं. लिवा."

"आवं, येवढं तरी ऱ्हाऊ द्या!" शेवंताकाकू कळवळायच्या.

"मशिनीफुडं खोटं न्हाई." मग रेघ खाली यायची आणि तात्या काकूंवर उखडायचे, "बघ, तुझ्या मायेनं रेघ पडली!"

लाइट गेली तर मी म्हणायचे, कागदावर लिहून घेते, तुम्ही जा. छे! "त्याच्या तोंडावर सांगतो," म्हणून बाकावर बसून राहायचे.

पटक्याचं कापड आधी गुडघ्याला गुंडाळायचं, मग उपड्या घागरीला, मग डोक्याला, असं मी ठरवून दिलं होतं. घागरीपर्यंत निभावलं. डोक्याशी गाडी अडली. बोटांतून कापड सुटायचं ते सुटायचंच. लग्न तोंडावर आलं तशी एकदा त्यांनी ते भिरकावून दिलं. "न्हाई जमत. लावा लगीन माझ्याबिगार!" काकूंनी कापड झटकलं, घडी घातली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. तात्यांनी खाली मान घालून पुन्हा सुरुवात केली.

लग्नाला मी गेले. तात्या मांडवाच्या दारात उभे! पटका उजव्या कानावर कलला होता, तुरा पडला होता, पण बांधला होता त्यांनीच. अभिमानाने माझा ऊर भरून आला. जो भेटेल त्याला मी ते सांगत सुटले. लोक म्हणाले असतील, ही बाई जेवायला आली की भाषण करायला!

पुढच्या आठवड्यात म्हटलं, "तात्या, रेघ टोकाला पोचली. आता सुट्टी."

"नवी काढा."

"आता काय राहिलं?"

तात्यांनी आवाज बारीक केला, म्हणजे बाहेरच्या बाकापर्यंतच ऐकू जाईल इतका. "हिची वेणी घालायची हाय."

मी कीबोर्ड बाजूला सारला.

"वरीसभर हिनं मला उचलला, न्हाऊ घातला. खांदा धरलाय हिचा. हात डोक्यापतूर जात न्हाई. लग्नात माझा पटका समद्यांनी बघितला. हिचा अंबाडा शेजारणीनं घातला, ते कुणी बघितलं न्हाई. मला घास गिळंना."

"आवं, गप बसा की! मानसं काय म्हणतील?" काकूंनी पदर तोंडावर ओढला.

"तात्या, खांदा मी बरा करते काकूंचा."

"करा की. तवर वेणी कोण घालनार?"

माझे डोळे भरून आले. पडदा धूसर दिसत होता, तरी टाइप केलं. नवी रेघ तळाशी उमटली.

"अगदी शून्यापास्नं?" तात्यांनी विचारलं.

"शून्यापासून."

"ब्येस." त्यांनी उजव्या हाताने खुर्ची ओढली आणि काकूंना म्हणाले, "बस हितं. पाठ कर माझ्याकडं."