नाना आठल्यांचं मत

निवडणूक आली की नाना आठल्ये दोरा काढत. दाराच्या डाव्या फळीवर शिडीचं पत्रक, उजव्या फळीवर छत्रीचं, आणि दोन्ही एकाच उंचीवर आहेत ना, हे ते दोरा ताणून बघत. बोटभर फरक दिसला की खालचं पत्रक सोडवून पुन्हा चिकटवायचं. "नाहीतर लोक म्हणतील, नाना झुकले," असं स्टुलावरून मला ऐकवत.

मी बँकेच्या बदलीने बनारसला आले आणि मंगला गौरीच्या देवळाजवळ त्यांच्या समोरच भाड्याने राहिले. आमच्या मोहल्ल्यात लढत दोनच पक्षांत. निशाणीवरून त्यांना शिडीवाले आणि छत्रीवाले म्हणत. कुठलं घर कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अधांतरी एकटे नाना. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त, बायको गेलेली, मुलगा नागपुरात. मत एकच, पण नाना ज्याचे, त्याची बालाजी घाटापर्यंतची सगळी मराठी घरं, अशी आवई कुणीतरी उठवली होती. नानांनीच उठवली असणार, दुसरं कोण?

त्या वर्षांत दिल्ली-लखनौची सरकारं टिकत नव्हती. सरकार पडलं की लोक कपाळावर हात मारत, आणि नाना पोह्यांसाठी कांदा आणायला निघत. सकाळी शिडीवाले यायचे, संध्याकाळी छत्रीवाले.

"चाचाजी, इस बार तो आशीर्वाद दीजिए."

"अभी पलड़ा बराबर है, भइया. बैठिए, बैठिए."

मग पोहे, चहा, आणि कुणाच्या आईचा मोतीबिंदू कसा आहे इथपर्यंत चौकशी. एका पक्षाने जिन्यात बल्ब लावला तर दुसऱ्याने दारापुढची नाली उपसून दिली. निकाल लागला की नाना जिंकलेल्याला हार घालत आणि हरलेल्याच्या घरी जाऊन सुस्कारे टाकत. मत आपल्यालाच पडलं, अशी दोघांचीही खात्री.

"नाना, एकदाचं ठरवून टाका ना!" मी वैतागून म्हणायची.

"एवढी घाई काय आहे, नंदा?"

पण एका वर्षी घात झाला. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर दोन्ही पक्षांचे 'बस्ते' लागतात. बस्ता म्हणजे एक टेबल, वर कापड, पुढ्यात मतदारयादी. तिथून आपल्या नावाची चिठ्ठी घ्यायची. कोण कुणाकडून चिठ्ठी घेतो यावर गल्लीचा डोळा असतो, म्हणून नाना दोन्हीकडून घेत. त्या दिवशी ऊन भयंकर. शिडीची चिठ्ठी घेऊन दुसरीकडे निघाले आणि त्यांना चक्कर आली. हाताशी आली त्या खुर्चीत बसले. खुर्ची छत्रीवाल्यांची. कुणी पाणी पाजलं, कुणी वारा घातला आणि एका हुशाराने त्यांच्या सदऱ्यावर छत्रीचा बिल्ला लावला. नानांनी डोळे उघडले तेव्हा सगळा मोहल्ला बघत उभा होता.

पुढच्या निवडणुकीला नानांनी उसन्या खुर्च्या आणल्या, पोहे भिजवले आणि धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. शिडीवाले आले. "वो घर छोड़ो, छाता का है," म्हणून पुढे गेले. संध्याकाळी छत्रीवाल्यांनी गल्लीतूनच हात जोडले. "चाचाजी तो अपने ही हैं!" पक्क्या मताची विचारपूस कोण करतो? दाराच्या दोन्ही फळ्या कोऱ्याच राहिल्या.

चार दिवस हेच. मग नाना पोह्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आले. "तू सांग ना त्यांना. नाना नाराज आहेत, फुटतील म्हणावं."

मी पानाच्या दुकानाशी जाऊन सांगितलंही. छत्रीवाले हसले. "कहाँ जाएँगे चाचाजी?" मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याला ना शिडी हवी होती ना छत्री. त्याला खुर्चीत बसणारी माणसं हवी होती.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच मत देऊन आले. नाना ओट्यावरून हलले नाहीत. दुपार कलल्यावर दोन्ही पक्षवाले यादी तपासतात आणि न आलेल्यांना घरून उचलतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेवटी दोन्हीकडचा एकेक जण धापा टाकत आला. नाना नाराज आहेत, हे पानाच्या दुकानावरून शिडीवाल्यांच्याही कानावर गेलं असावं.

"चाचाजी, जल्दी! फाटक बंद हो जाएगा!"

"घुटना पकड़ लिया है, भइया," नाना कण्हले.

एकाने उजवा हात धरला, दुसऱ्याने डावा. मी मागून चालले होते. दर दहा पावलांवर नाना थांबत. इथे पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवत. एकाला बहिणीच्या लग्नाचं विचारत, दुसऱ्याला बापाच्या दम्याचं. दोघं आधी चरफडले, मग उत्तरं देऊ लागले, मग आपणहून सांगू लागले. आम्ही शाळेशी पोचलो तेव्हा शिपाई फाटकाला कुलूप घालत होता. दोघांनी एकमेकांना शिव्या घातल्या आणि निघून गेले.

"नाना, मत वाया गेलं की हो!"

"जाऊ दे गं. किती दिवसांनी कुणी हात धरून चाललं."

असं म्हणून ते घराकडे वळले आणि चांगले ताठ, झपाझप चालू लागले. मला राहवलं नाही. पुढे होऊन मी त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांना गुडघा आठवला, आणि नाना हळूहळू लंगडू लागले.