सांताच्या पोशाखाची उन्हाळी नियमावली

दक्षिण गोलार्धातल्या, म्हणजे डिसेंबरात ऐन उन्हाळा असणाऱ्या, मिरामुंडी गावात सांताक्लॉज आगीच्या बंबावरून येतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, उन्हाने रस्त्यावरचे डांबर मऊ झालेले असताना, स्वयंसेवी अग्निशमन दलाचा बंब घंटा वाजवीत मुख्य रस्त्याने फिरतो. वर लोकरी कोट, लोकरी विजार आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेला सांता मूठमूठ गोळ्या उधळतो आणि खाली अनवाणी पोरे त्या वितळण्यापूर्वी वेचतात. दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटवलेला असतो आणि त्या बर्फावर माश्या बसलेल्या असतात. यात काही विसंगत आहे असे गावात कोणाला वाटत नाही. विसंगती दिसण्यासाठी गोष्ट प्रथमच पाहावी लागते, आणि परंपरा म्हणजे नेमकी अशी गोष्ट, की जी कोणीही प्रथमच पाहत नाही.

हा सांता म्हणजे क्लॅरी ट्रेगेंझा. उभा जन्म त्याने मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवला. लोकर ही मेंढ्यांच्या अंगावरून उन्हाळ्याआधी उतरवायची वस्तू असते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तीच तो भर उन्हाळ्यात स्वतःच्या अंगावर चढवी. कारण एकच होते. छातीपर्यंत रुळणारी, खरीखुरी, पांढरीशुभ्र दाढी सबंध गावात त्याच्या एकट्याकडे होती.

गेल्याच्या आदल्या नाताळात पारा त्रेचाळिसावर गेला आणि क्लॅरी बंबावरून, हातातल्या गोळ्यांसकट, खाली कोसळला. डॉक्टरने धावत येऊन कोट टराटरा उघडला, पाणी मारले, आणि क्लॅरी वाचला. त्यानंतर नगर परिषदेकडे पालकांच्या तक्रारी आल्या. त्यांतली एकही क्लॅरीच्या बेशुद्धीबद्दल नव्हती. सर्व तक्रारी कोट उघडण्याबद्दल होत्या. आत बिअरच्या जाहिरातीची बनियन होती, ती मुलांनी पाहिली, आणि सांतावरील त्यांच्या श्रद्धेला तडा गेला, असे त्यांचे म्हणणे होते.

असा प्रसंग पुन्हा उद्भवू नये म्हणून परिषदेने ‘सांता-सुरक्षा व परंपरा-संवर्धन उपसमिती’ नेमली. या उपसमितीचा सचिव मी स्वतःच असल्यामुळे पुढील हकीकत संपूर्णपणे निःपक्षपाती आहे.

‘असा प्रसंग’ म्हणजे कोणता प्रसंग, हा पहिला प्रश्न. अध्यक्षा नेरिडा क्विल्टी यांनी तो शांतपणे सोडवला. माणूस कोसळणे ही नैसर्गिक घटना आहे. कोट उघडणे ही मानवी कृती आहे. आणि उपसमितीचे अधिकारक्षेत्र मानवी कृतींपुरते मर्यादित आहे. तेव्हा कोट उघडताच येऊ नये, अशी तरतूद प्रथम करण्यात आली. बटणे काढून कोट पाठीमागून शिवून घ्यावा, असे ठरले.

“म्हणजे मी आत शिजलो तरी बाहेर कोणाला कळायला नको,” क्लॅरी म्हणाला.

“तसं नाही हो,” सुरक्षा अधिकारी डॅमियन फॉग म्हणाले, “तुमच्यासाठी आत बर्फाचं जाकीट देतोय की! मस्त गारेगार.”

“पोरा, गारेगार वाटायचं तर मला सावलीत बसव आणि हातात बिअर दे. फुकटात होईल.”

बर्फाच्या जाकिटाची चाचणी नोव्हेंबरात झाली. बर्फ वितळला. वितळणे हा त्याचा धर्मच आहे, परंतु अहवालात त्याची पूर्वकल्पना नव्हती. पाणी लोकरी विजारीतून खाली ओघळले, आणि चाचणीला आणलेल्या बालवाडीच्या मुलांनी एकमुखाने जाहीर केले, की सांताने शू केली. श्रद्धेला हा दुसरा तडा. शिवाय ओल्या जमिनीवर घसरण्याचा धोका, हे फॉगसाहेबांनी लाल शाईने नोंदवले. म्हणून कोटाला आतून रबरी अस्तर लावण्यात आले. आता पाणी बाहेर येईना. ते आतच साचे, तापे, आणि क्लॅरी चालू लागला की पखालीसारखे डुचमळे. दुसऱ्या चाचणीत तो बंबाच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला आणि मग सावकाश, सन्मानपूर्वक, आडवा झाला. कोट शिवलेला असल्यामुळे या वेळी कोणाच्याही श्रद्धेला धक्का पोहोचला नाही. या दृष्टीने चाचणी यशस्वी ठरली.

मात्र क्लॅरीची बायको बेरिल दुसऱ्या दिवशी थेट बैठकीत आली.

“डॉक्टर म्हणाला, अजून एकदा असा तापला तर हृदय बंद पडेल त्याचं. तुमच्या परंपरेपायी मी नाताळच्या जेवणाला एकटी बसू का?”

“बाई, समितीला तुमच्या भावनांची पूर्ण जाणीव आहे—” नेरिडाबाई म्हणाल्या.

“जाणीव ठेवा तुमच्याकडे. त्याला अर्धी चड्डी द्या. लाल बनियन, लाल चड्डी, पायात रबरी चपला. या गावातला प्रत्येक माणूस डिसेंबरात तेच घालतो. सांता काय वेगळा लागून गेला?”

“सांता उत्तर ध्रुवावरून येतो,” फॉगसाहेबांनी आठवण करून दिली.

“येत असेल. पण इथे पोचेपर्यंत त्याला उकडत नाही होय?”

मी क्लॅरीला बाजूला घेऊन विचारले, की हे सोडून का देत नाहीस. तो दाढी पिळत म्हणाला, “सोडलं तर या फॉगला कापसाची दाढी लावून बसवतील. तो पोरांना गोळ्या देण्याआधी त्यांच्या आयांच्या सह्या घेईल. नको रे बाबा.”

बेरिलचा प्रस्ताव मंजूर झाला. तो योग्य होता म्हणून नव्हे, तर कोटाच्या अस्तरापेक्षा चड्डी स्वस्त पडत होती म्हणून. परंतु मंजूर झालेली गोष्ट ऐच्छिक राहू शकत नाही. ऐच्छिक राहिली तर मंजुरीला अर्थ काय? तेव्हा बाहीविरहित बनियन, गुडघ्याच्या वरची चड्डी व रबरी चपला हाच सांताचा एकमेव अधिकृत पोशाख ठरला, त्यावर अन्य कोणतेही वस्त्र चढवण्यास मनाई करण्यात आली, आणि जुना कोट पुन्हा कोणाला मोह होऊ नये म्हणून संग्रहालयात काचेआड ठेवला गेला. बेरिलने त्या दिवशी समितीला घरचा फ्रूटकेक पाठवला. आम्ही तो आभारपूर्वक खाल्ला.

नाताळच्या आदल्या दिवशी दक्षिणेकडून, म्हणजे ध्रुवाच्या बाजूने, गार वारे फिरले.

दुपारपर्यंत पारा अकरावर आला. संध्याकाळी पाऊस, पावसात गारा, आणि गावामागच्या डोंगरांवर बर्फ. खरा बर्फ! पिढ्यान्‌पिढ्या काचेवर कापूस चिकटवून गावाने ज्याची आळवणी केली, तो भर उन्हाळ्यात आला, आणि गाव स्वेटर, रेनकोट, कानटोप्या शोधून मुख्य रस्त्यावर जमले. तेवढ्यात घंटा वाजवीत बंब आला. वर सांता बनियन आणि अर्ध्या चड्डीत बसला होता. त्याची दाढी भिजून एका बाजूला वळली होती, गुडघे निळे पडले होते, आणि हात इतके थरथरत होते, की गोळ्या फेकाव्या लागत नव्हत्या, आपोआप उडत होत्या.

“काय मस्त दिसतोय ना!” माझ्या शेजारचा एक बाप मफलर सारखा करीत म्हणाला. “अस्सल आपल्या मातीतला सांता.”

बेरिल गर्दी फोडून पुढे आली. “कोट आणा त्याचा!”

“संग्रहालय बंद आहे,” मी छत्रीखालून सांगितले. “नाताळची सुट्टी.”

“मग कोणाचा तरी आणा! फॉग, काढ तो रेनकोट.”

“बाई, मला काही वाटत नाही का? पण अन्य कोणतेही वस्त्र चढवण्यास मनाई, हे तुमच्याच प्रस्तावावरचं कलम आहे. तुम्हीच नाही का उकडतंय म्हणालात?”

“मी तो मरू नये म्हणून म्हणाले होते, मेल्या!”

“क… कोणीतरी भांडण थांबवा,” वरून क्लॅरी दात वाजवीत म्हणाला, “नाहीतर मला तरी खाली घ्या.”

 बेरिल बंबाच्या शिडीवर चढली, तिने स्वतःचे जांभळे स्वेटर काढले आणि नवऱ्याच्या डोक्यातून खाली ओढले. ते छातीवर तटतटले, पोट उघडे राहिले, पण क्लॅरीचे ओठ हळूहळू पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. पोरांनी टाळ्या पिटल्या. गावाने फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तो जेवणाला टेबलाशी हजर होता आणि कढत पुडिंगवर वाकून वाफ घेत होता.

जानेवारीच्या बैठकीत नियमभंगाचा विषय निघाला. परंतु फोटो गावाला इतके आवडले होते, की भंग नियमाचा झाला की नियमच चुकीचा होता, असा तात्त्विक प्रश्न नेरिडाबाईंनी उपस्थित केला, आणि आम्ही तो एकमताने सोडवला. पुढील नाताळपासून सांता जांभळे लोकरी स्वेटर घालील. स्वेटर बायकी मापाचे, पोटावर अपुरे आणि डाव्या कोपरावर विरलेले असावे. परंपरेत तपशिलाला महत्त्व असते. खाली जुनी लोकरी विजारही परत आणावी, म्हणजे स्वेटर एकटे पडणार नाही.

“आणि उन्हाळा असला तर?” क्लॅरीने विचारले.

“गेल्या नाताळात नव्हता,” फॉगसाहेब म्हणाले. “समितीला ताज्या आकडेवारीवर चालावं लागतं.”

वेधशाळेच्या अंदाजानुसार येता डिसेंबर आजवरचा सर्वांत तप्त असेल. नियमावली अद्याप अंतिम नाही. एक जरी लेखी हरकत आली तरी नियमावली रोखून धरावी लागते. म्हणून हा मसुदा सर्वांच्या माहितीसाठी, घडल्या प्रकारासह, येथे सविस्तर दिला आहे. गावातल्या बहुतेकांनी तो आधीच वाचला आहे. ते पोट धरून हसले, त्यांनी तो एकमेकांना वाचून दाखवला आणि ते घरी गेले. हरकत कोणीच नोंदवली नाही. हसणे ही हरकत समजावी, अशी तरतूद नियमांत नाही. तेव्हा ज्यांनी ज्यांनी हे येथवर वाचले आणि मधूनमधून हसले, त्या सर्वांची संमती गृहीत धरण्यात आली आहे. वाचकहो, आपलेही नाव त्यात घेतले आहे.