बापूंचा चार्ज

आमचे बापू घराबाहेर पडताना बायकोला चार्ज देतात. चपला घालून, दारात ताठ उभे राहून. "दूध उतू गेलंय. ओटा पुसल्याला न्हाई. नळ अजून गळतोय. काही शंका?" वहिनींना एकच मोठी शंका आहे, पण ती त्या लग्नापासून मनातच ठेवतात.

बापू माझ्या बायकोचे थोरले भाऊ. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे शिफ्ट सुटताना जाणाऱ्याने येणाऱ्याला चार्ज द्यायचा, म्हणजे काय बिघडलंय ते आधी सांगायचं. कारखाना बंद पडला, सवय राहिली. आता बापूंच्या रावेतच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं मोबाइलवरचा गेम बनवतो. कंपनीची बस निगडीहून काढायची, थांब्याथांब्यावर कामगार घ्यायचे आणि भोंगा व्हायच्या आत चाकणचं गेट गाठायचं. प्रोग्रॅमिंग बापूंचं, ते त्यांनी चाळिशीनंतर शिकून घेतलं. खेळणाऱ्यांशी बोलायचं काम माझं.

खेळणाऱ्यांना मित्रांच्या बसबरोबर बस चालवायची होती. कधी येणार, कधी येणार, म्हणून सगळे मागे लागले. मी बापूंना न विचारता गेमच्या पानावर लिहून टाकलं, दिवाळीत. आता खरं सांगतो, मला फक्त तो गलका थांबवायचा होता.

दिवाळी आली आणि फटाके आमच्या पानावर फुटले. "कुठल्या सालची दिवाळी राव?" लोक गेम काढून टाकू लागले. आणखी थोडे गेले असते तर आमचा खेळ खलास होता.

मी घाईघाईने नवी तारीख लिहायला घेतली. बापूंनी कीबोर्ड ओढून घेतला.

"तारीख हाय का तुझ्याकडं? न्हाई. मग हाल सांग."

आणि त्यांनी उभ्याउभ्याच खेळणाऱ्यांना चार्ज दिला. "एकत्र खेळणं अडलंय. दोन बस समोरासमोर आल्या की एक आकाशात जाते. का, ते कळलेलं नाही. कळलं की सांगू. दिवाळीची तारीख आमच्याकडून चुकीची गेली. नवी देणार नाही. तळेगावच्या थांब्यावरचा सोनवणे चढल्याशिवाय बस हलत नाही, ही तक्रार पोचली. ते मात्र दुरुस्त होणार नाही. काही शंका?"

'आमच्याकडून' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मला वाटलं, आता संपलंच. पण लोक हसले. बापूंनी ते अर्धवट काम चाचणीला खुलं केलं, तसे लोक उडणाऱ्या बसचे व्हिडिओ पाठवू लागले, आणि त्यातल्याच एकात बापूंना दोष सापडला. मग दर शनिवारी चार्ज सुरू झाला. गेलेले परत आले. जरा उशीर झाला की विचारणा व्हायची, "बापू, शिफ्ट सुटली, चार्ज कुठंय?"

शंका तेवढी सोनवण्याची राहिली. डब्याची पिशवी सांभाळत सावकाश चढणारा गेममधला हा म्हातारा सगळ्यांचा भोंगा चुकवायचा. सगळं सांगणारे बापू इथे गप्प. शेवटी एका शनिवारी त्यांनी लिहिलं, "कारखाना बंद होणार हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. सांगू नका, असा वरून हुकूम होता. पुढच्या शिफ्टच्या सोनवण्याला मी चार्ज दिला, सगळं ठीक आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन बंद गेटसमोर उभा होता. इथे त्याला घेऊनच जायचं. इथलं गेट उघडं असतं. काही शंका?"

कुणालाच नव्हती. त्याखाली मी लिहिलं, "दिवाळी मी म्हणालो होतो."

लगेच उत्तर आलं, "ते कळलंच होतं भावा. बापू तारीख देत नाहीत."

एकत्र खेळणं सुरू झालं त्या दुपारी पडद्यावर तळेगावच्या थांब्यावर बसची रांग लागली. सोनवण्यासाठी आता एकाच बसला थांबावं लागे, बाकीच्यांना वाट मोकळी होती. भोंग्याची वेळ होत आली तरी एकही हलली नाही. सोनवणे नेहमीसारखा सावकाश चढला. मग सगळ्यांनी एकदम हॉर्न दिले आणि ती अख्खी वरात वाजतगाजत चाकणच्या गेटातून आत शिरली.

स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, कसला एवढा गोंगाट?

बापू पडद्यासमोर ताठ उभे होते.

"सोनवणे पोचला," ते म्हणाले.