चार एकमतं आणि एक बाक

टाइमटेबलकाकांच्या तीस वर्षांच्या नोकरीत डेपोच्या फाटकात दोन बसगाड्या एकदाही समोरासमोर आल्या नाहीत. एक बाहेर पडली की बरोब्बर चार मिनिटांनी दुसरी आत! हे ते स्वतःच सांगत, आणि ऐकणारा मध्येच उठून गेला तर पुढच्याला पहिल्यापासून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंही वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं. काकूंनी ते तिसऱ्या दिवशी काढून डब्यांच्या फळीवर अंथरलं. तेव्हापासून काका आपल्या तोडीच्या कामाच्या शोधात होते.

ते काम वॉर्ड ऑफिसातून चालत आलं. रस्त्यावरच्या बसथांब्याला एक निवारा मंजूर झाला होता. वर छप्पर, खाली बाक, आणि जिथे निवारा तिथे थांबा. जागा रहिवाशांनी ठरवायची होती. पण वॉर्ड ऑफिसातल्या मॅडमनी पत्रात बजावलं होतं, ‘सगळ्या थरांतल्या लोकांना विचारून, एकमताने, एकच जागा शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवावी. अन्यथा निवारा नाल्यापलीकडच्या वसाहतीला देण्यात येईल.’

मॅडम उगाच कडक नव्हत्या. मागच्या वर्षी कर्नलच्या दिवाणखान्यात अकरा पुरुषांनी चहा पीत ठराव केला होता की फुटपाथवर फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या. (हा कर्नल फौजेत कधीच नव्हता, नुसत्या मिशा होत्या.) कुंड्या आल्या, फुलं आली, आणि चाकाच्या खुर्चीवरून दुकानात जाणाऱ्या घड्याळवाल्याची वाट बंद झाली. बिचारा सहा महिने ट्रकच्या बाजूबाजूने दुकान गाठत होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं!

“या वेळी सगळ्यांना विचारणार! एकालाही वगळणार नाही,” काकांनी घरात घोषणा केली. “माझ्यावर सोडा!”

काकू बसने जाण्याच्या तयारीत होत्या. त्या दोन किलोमीटरवरच्या केंद्रात चौदा मुलींना शिवणकाम शिकवत. गुडघे दोन्ही कुरकुरत होते आणि डॉक्टरांनी उभं राहायला सक्त मनाई केली होती. आणि थांबा म्हणजे काय, तर नुसता एक खांब.

“माझं काय ते स्पष्ट सांगते,” काकू चपला घालत म्हणाल्या. “बसायला बाक झालं तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून क्लास बंद. वीस-वीस मिनिटं उभं राहणं आता होत नाही माझ्याच्याने.”

काकांना वाईट वाटलं. क्लासवरून घरी आल्यावर काकू ज्या उत्साहाने बोलत, त्या उत्साहानेच घरात दिवे लागत असं त्यांना मनातून वाटे. तसं ते कधी बोलले नव्हते, पण वाटे खरं. त्यांनी लगेच कपाटावरून तक्त्याचा मोठा कागद काढला, पट्टी घेतली आणि दोन रंगांची पेनं घेतली.

रात्रीपर्यंत वेळापत्रक तयार. शुक्रवारी दुपारी सव्वाएकला घरकाम करणाऱ्या बायका, त्यांची कामं तेव्हा संपतात म्हणून, मागच्या जिन्यापाशी. दोनला घड्याळवाला आणि मंडळी, त्याच्या दुकानासमोर, म्हणजे पायरी नको. साडेचारला रात्रपाळीवाले, त्यांची झोप झालेली असते. सहाला ज्येष्ठ नागरिक, बागेत. कोणाला थांबायला नको, गर्दी नको, भांडण नको!

“छान आहे,” काकू चष्मा लावून वाचत म्हणाल्या. “पण मग ही माणसं एकमेकांना भेटणार कधी?”

“भेटायचं कशाला? गाड्या एकमेकींना भेटल्या की त्याला अपघात म्हणतात!”

शुक्रवारी सव्वाएकच्या ठोक्याला काका जिन्यापाशी हजर. नऊ बायका आल्या होत्या. त्यांची पुढारी होती मावशी, बारा घरची भांडी घासणारी आणि बाराही घरच्या भानगडी पोटात ठेवणारी.

“निवारा मागच्या फाटकापाशी पाहिजे,” मावशी म्हणाली. “आम्ही सगळ्या तिकडनं येतो. आणि दुपारी तिथं सावली असती.”

“एकमत?”

“एकमत!” नऊजणी ओरडल्या.

“वा! मग झालंच समजा!” काका म्हणाले. आयुष्यात इतक्या चटकन बैठक संपलेली त्यांनी पाहिली नव्हती. नऊ सह्या झाल्या.

दोन वाजता घड्याळवाला. त्याला बँकेचा कोपरा हवा होता, कारण तिथे फुटपाथला उतार होता. एकमत! साडेचारला नर्सबाई जांभया देत आल्या, बरोबर दोन वॉचमन. त्यांना औषधाच्या दुकानासमोरची जागा हवी होती, कारण संध्याकाळी ड्यूटीवर निघताना तिथे दिव्याचा उजेड असतो. एकमत! सहाला बागेत कर्नल आणि कंपनीने बागेचं फाटक सुचवलं, कारण ते रोज तिथेच बसत. त्यांच्यातला एकही जण गेल्या चार वर्षांत बसमध्ये चढलेला नव्हता, पण एकमत मात्र सगळ्यांत खणखणीत!

काका प्रत्येक ठिकाणी म्हणाले, “झालंच समजा!” आणि तरंगत घरी आले. चार बैठका, चारही वेळेवर, चारही एकमताने! कागद एकत्र टाचायला त्यांनी टाचणी उचलली आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

चार कागद. चार जागा.

“अगं,” काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, “सगळ्यांचं एकमत झालंय.”

“मग?”

“वेगवेगळं झालंय.”

काकूंनी कागद पाहिले आणि पदर तोंडाला लावला. काका मात्र हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी नवा कागद काढला. निवाऱ्याला चाकं लावायची! सकाळी बागेपाशी, दुपारी मागच्या फाटकाला, नंतर बँकेच्या कोपऱ्यावर, संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोर. ढकलायला दोन वॉचमन!

“आणि बसने त्याला शोधत फिरायचं?” काकूंनी विचारलं. काकांनी कागद चुरगाळला.

सकाळी बाहेर बघतात तर काय! ‘झालंच समजा’ हे शब्द लोकांनी मनावर घेतले होते. कर्नलने बागेपाशी चुन्याच्या फक्कीने चौकोन आखून ठेवला होता. मावशीने मागच्या फाटकाशी चार कोपऱ्यांना चार दगड मांडले होते. घड्याळवाल्याने बँकेपाशी ‘नियोजित निवारा’ अशी देखणी पाटी लावली होती. नर्सबाईंनी तर रात्रपाळी संपवून येताना औषधाच्या दुकानासमोर एक प्लास्टिकची खुर्चीच आणून ठेवली होती आणि स्वतः तिच्यात बसून झोपल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला.

“मी स्वतः दहाला येते,” मॅडम म्हणाल्या. “जागा पाहूनच सही करते.”

काकांनी घड्याळ पाहिलं. नऊ चाळीस. डेपोचा अनुभव कामी लावायची हीच वेळ! त्यांनी ठरवलं, मॅडमना चार मिनिटांच्या अंतराने एकेक जागा दाखवायची, आणि ज्या जागेवर मॅडम असतील तिथे बाकीच्यांपैकी कोणाला फिरकू द्यायचं नाही. मग ज्या जागेला त्या मान डोलावतील ती! त्यांनी मावशीला निरोप धाडला, “इमारतीला उजवीकडून वळसा घालून आपल्या जागेवर या.” कर्नलला सांगितलं, “डावीकडून.” घड्याळवाल्याला सांगितलं, “सरळ या, पण हळू.” नर्सबाईंना उठवून म्हणाले, “जरा आमच्या फाटकाआड थांबता का?”

कागदावर योजना निर्दोष होती. पण मावशीच्या नऊजणी कधी वेळेआधी निघत, आणि कर्नलचे सवंगडी कधी वेळेवर निघत नसत. घड्याळवाला मात्र सेकंदाला पक्का! परिणाम असा झाला की मॅडम रिक्षातून उतरल्या त्याच क्षणी काकांच्या फाटकासमोर उजवीकडून नऊ बायका, डावीकडून सहा म्हातारे, समोरून चाकाची खुर्ची आणि फाटकाआडून जांभया देत नर्सबाई, असे सगळे एकमेकांवर आदळले. कर्नलची काठी खुर्चीच्या चाकात अडकली. मावशीची पिशवी फुटून बारा घरच्या किल्ल्या रस्त्यावर पसरल्या.

तीस वर्षांचा विक्रम मोडला!

“आमच्या निवाऱ्याचं उद्घाटन का?” मावशीने किल्ल्या गोळा करत विचारलं.

“तुमच्या? तो बागेपाशी होणार आहे,” कर्नल गरजला.

“मी तर सहीसुद्धा केलीय!” घड्याळवाला म्हणाला.

“मीही,” नर्सबाई म्हणाल्या.

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका आपल्या स्कूटरमागे सरकले. आजूबाजूला लपायला तेवढीच जागा होती.

मग जे भांडण जुंपलं त्याला तोड नाही! मॅडम मात्र रिक्षाच्या दांड्याला टेकून शांतपणे ऐकत होत्या.

“मागच्या फाटकाला मी येणार कसा?” घड्याळवाला ओरडला. “तिथं गटाराचं झाकण बोटभर वर आलंय!”

मावशीने कपाळाला हात लावला. “अगं बाई. रोज ओलांडते, पण ध्यानातच नाही आलं कधी. आम्ही उचलून घेऊ की तुला.”

“मला उचलून नको घेऊ, मावशी. मला जायचंय.”

“बरोबर आहे बाबा तुझं,” मावशी म्हणाली. “पण तुझ्या बँकेच्या कोपऱ्यावर दुपारी ऊन असं असतं की डोकं भाजून निघतं.”

“आणि दिवे लागायच्या वेळेला काळोख,” नर्सबाई म्हणाल्या. “मी तिथं एकटी उभी राहणार नाही.”

“बागेपाशी सगळं आहे!” कर्नल म्हणाला.

“तुम्ही बसने कुठं जाता, कर्नलसाहेब?” मावशीने विचारलं.

कर्नलने मिशीला हात लावला, मग काढला. “जात नाही,” तो हळूच म्हणाला. “चढताना पाय घसरला होता एकदा. तेव्हापासून सोडलं. बहीण गावाच्या त्या टोकाला राहते. चार वर्षं झाली तिच्याकडे गेलो नाही.”

हे त्याच्या बागेतल्या मित्रांनाही ठाऊक नव्हतं. मग घड्याळवाल्याने खुर्ची वळवली आणि म्हणाला, “चला, सगळे मिळून एकदा रस्ता बघू या.”

एकोणीस माणसं रस्त्याने निघाली. मावशी सावली दाखवत होती, नर्सबाई दिव्यांचे खांब, घड्याळवाला प्रत्येक खाच आणि पायरी. कर्नल काठीने पावलं मोजत होता. काका शेवटी, हातात निकामी वेळापत्रक घेऊन. अर्ध्या तासात वरात परत तिथेच येऊन थांबली, काकांच्या फाटकाशी.

“हे बघा,” घड्याळवाला म्हणाला. “काकांच्या स्कूटरसाठी केलेला उतार. माझी खुर्ची सहज चढते.”

“वर काकांच्या झाडाची सावली,” मावशी म्हणाली.

“समोरच दिव्याचा खांब,” नर्सबाई म्हणाल्या.

“बागेपासून नव्वद पावलं,” कर्नल म्हणाला. “जमेल मला.”

एकमत! आणि या वेळी एकाच जागेवर! काकांना इतका आनंद झाला की आपली स्कूटर आता कुठे लावायची हा प्रश्न त्यांना पूर्ण दोन मिनिटं पडलाच नाही. मॅडमनी फॉर्म काढला.

“शेवटचा रकाना,” त्या म्हणाल्या. “विचारायचं कोणी राहिलं आहे का?”

“एकही नाही!” काकांनी छाती पुढे काढली.

मॅडम रस्त्यापलीकडे पाहत होत्या. तिथे थांब्याच्या खांबाला धरून एक बाई मघापासून उभ्या होत्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या आणि सगळा तमाशा बघत होत्या.

“आणि त्या? त्या तर खरंच बसची वाट बघतायत. बाई, तुम्हाला कितीची वेळ दिली होती?”

काकूंनी पिशवी सावरली. “मला? माझं नाव वेळापत्रकात नव्हतं हो.”

काखेत कळसा म्हणतात तो हाच! काकांनी हातातला तक्ता उलटसुलट पाहिला, जणू पाठीमागे कुठेतरी काकू लिहिलेल्या असतील. मावशी फिसकन हसली. काकांना मात्र हसू येईना. रोज सकाळी दारातून ‘जपून जा’ म्हणणाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

“ये,” ते रस्ता ओलांडून जाऊन म्हणाले. “तुझं काय म्हणणं आहे ते सांग.”

काकू आल्या. त्यांचं म्हणणं तयार होतं, बावीस वर्षं उभं राहून तयार झालेलं. “बाकाला दोन्ही बाजूंना हात पाहिजेत. गुडघे दुखणाऱ्याला बसता येतं हो, उठता येत नाही. बाक फार खाली नको. आणि शेजारी खुर्चीपुरती जागा मोकळी ठेवा, म्हणजे हा घड्याळवाला कडेला एकटा पडणार नाही.”

“हे फॉर्मात लिहायला रकानाच नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि समासात लिहून घेतलं. मग फॉर्म काकांपुढे धरला. “तुमचं फाटक आहे. तुमची हरकत?”

काकांनी स्कूटरकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. आणि डेपोत असताना लिहायचे तशा वळणदार अक्षरात लिहिलं, ‘हरकत नाही.’ बाराला अजून पन्नास मिनिटं होती.

दोन महिन्यांनी निवारा उभा राहिला. पहिल्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. आपल्याबद्दल कोणीतरी चार शब्द बोलेल अशी त्यांची माफक अपेक्षा होती, आणि उत्तरादाखल चार शब्द खिशात तयार होते. बाकावर मावशी, नर्सबाई आणि मध्ये काकू बसल्या होत्या. शेजारच्या मोकळ्या जागेत घड्याळवाला होता. कर्नल बहिणीच्या घरी न्यायची पिशवी मांडीवर घेऊन टोकाला बसला होता. गप्पा अशा रंगल्या होत्या की काका आलेले कोणाला कळलंच नाही. बसायला जागा नव्हती. काका समोर जाऊन उभे राहिले आणि खाकरले.

काकूंनी वर पाहिलं.

“अहो, जरा बाजूला व्हा ना,” त्या म्हणाल्या. “बस दिसत नाहीये.”

काका बाजूला झाले.